आजी कुठं बसणार?

या आठवड्यात पुतण्याबरोबर मोठी गाडी बघायला गेलो आणि चिडून परतलो. मोसंबीचे चार पैसे हातात आलेत, घरात माणसं सात, तेव्हा सात सीटरच काढायची हे ठरलेलं. शोरूममधल्या पोरानं सगळ्यात आधी छत उघडून दाखवलं. मग चारी बाजूंचे कॅमेरे, गार वारा सोडणाऱ्या सीट, बोललेलं ऐकणारा स्क्रीन. पुतण्या हरखून गेला. म्हणाला, "काका, घ्यायची तर फुल ऑप्शनच." एवढ्या वेळात शेवटच्या रांगेत बसून बघावं असं कुणालाच वाटलं नाही.

व्यवहाराचं थोडक्यात सांगतो. या मोठ्या गाड्यांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे, आधी सेस धरून तो 50 टक्क्यांवर जायचा. भारत एनकॅपची क्रॅश चाचणी ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली आणि पहिले पाच तारे सफारी आणि हॅरियरला मिळाले. गिऱ्हाईक आता ताऱ्यांची चौकशी करतं, याचा मला आनंद आहे.

पण सनरूफ! आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा काचेचं छत उघडतं कोण? उघडतात ते लेकरांना उभं करायला. समृद्धी महामार्गावर कारला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगात गाडी एका सेकंदात 33 मीटर पुढे जाते. अशा गाडीच्या छतातून कमरेपर्यंत बाहेर आलेलं पोर आणि खाली त्याचा व्हिडिओ काढणारा बाप मी बघितलाय. अचानक ब्रेक लागला तर त्या पोराला धरायला काय आहे? बेल्ट नाही, एअरबॅग नाही. टायर झिजलेत का हे बघायला परिवहन खात्यानं समृद्धीवर माणसं उभी केली होती, तशी छतासाठीही करावीत.

दुसरा राग सीट कव्हरचा. गाडी घरी यायच्या आधी ती कव्हर घालायला जाते. पुष्कळ गाड्यांत बाजूची एअरबॅग पुढच्या सीटच्या कडेतच असते, वर जाड रेक्झिन शिवलं की ती वेळेवर उघडेल कशी? मागच्या बेल्टची कुलुपं तर कव्हरखाली कायमची गाडली जातात.

आणि आजी. आमच्या घरात गाडी म्हणजे राजूरचा गणपती, अंबडची मत्स्योदरी, लग्नं आणि दवाखाना. या प्रत्येक फेरीला आजी असतेच. नऊवारी नेसलेली, गुडघे धरलेली. जुन्या सुमोत ती मधल्या रांगेत ऐसपैस बसायची. त्या सुमोत तिला धरायला दांडी होती आणि आम्ही पोरं डिक्कीतल्या आडव्या बाकांवर. ते बाक धोक्याचेच होते, त्यांची आठवण मी काढणार नाही. पण चढणं-उतरणं तिला जमत होतं. आताच्या गाडीत मधली रांग म्हणजे दोन कॅप्टन सीट. त्या कर्त्या माणसांनी पटकावल्या की म्हातारं माणूस मागं ढकललं जातं. मागची फरशी उंच, त्यामुळे गुडघे पोटाशी येतात. आत शिरायला पुढची सीट दुमडायची, मग वाकून, वळून जायचं. सत्तरीच्या बाईनं हे करायचं? काही गाड्यांत तिथं एसीचा झोतही नीट पोहोचत नाही. सातही सीट उभ्या केल्या की डिक्कीत दोन बॅगा मावायची मारामार, मग उरलेलं सामान तिच्याच पायात.

म्हणून पायरी मागा. दाराच्या खांबाला आतून दांडी मागा. मधल्या रांगेत कॅप्टन सीटऐवजी सलग बाक मिळतो का विचारा. शेवटच्या रांगेला तीन ठिकाणी धरणारा बेल्ट आहे का, पडद्यासारखी एअरबॅग तिथपर्यंत जाते का, हे स्वतः बघा. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असेल तर जरूर घ्या, पण तिच्या भरवशावर रात्री अंबडच्या रस्त्याला पळू नका. तिथं हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात.

पुतण्याला सांगितलंय, बुकिंग रविवारनंतर. रविवारी आजीला आणि भरलेल्या बॅगांना घेऊन राजूरपर्यंत टेस्ट ड्राइव्ह मागायची. देत नसतील तर दुसरं शोरूम बघू.