चाकांवरची घरे : कोणाची चैन, कोणाचा नाइलाज?

मिसिसिपी नदी मेक्सिकोच्या आखाताला मिळण्यापूर्वी जेथे चंद्रकोरीसारखे वळण घेते, तेथे अमेरिकेच्या दक्षिणेतील न्यू ऑर्लिन्स हे शहर वसले आहे. जॅझ संगीताचे हे जन्मस्थान. मार्दी ग्राच्या मिरवणुका आणि वाद्यवृंदाच्या तालावर निघणाऱ्या अंत्ययात्रा यांची ख्याती ऐकून जगभरचे प्रवासी येथे लोटतात. त्यांच्यातील एक संपन्न वर्ग हॉटेलात उतरत नाही. तो आपले घरच बरोबर आणतो. एस.टी.च्या गाडीएवढ्या या वाहनात शयनगृह, स्वयंपाकघर, स्नानगृह आणि वातानुकूलन अशी सर्व सिद्धता असते. 'आरव्ही' किंवा मोटारहोम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाहनांपैकी वरच्या श्रेणीतील वाहनाची किंमत पाच लाख डॉलरच्याही पुढे जाते. ती उभी करण्यासाठी वीज, पाणी व मैलापाण्याच्या जोडण्या असलेले, फाटकाआड सुरक्षित ठेवलेले खास तळ असतात. यांपैकी अनेक उंची तळांवर दहा वर्षांहून जुन्या वाहनास प्रवेश न देण्याचा नियम असतो. गरिबाचे जुने वाहन श्रीमंताच्या शेजारी उभे राहू नये, एवढाच त्याचा व्यवहारातील अर्थ. या सर्व प्रकाराला तेथे 'कॅम्पिंग' म्हणतात. मराठीत म्हणावयाचे तर तळ ठोकणे.

कोणी आपली सुटी कशी घालवावी, हा समाजवाद्यांच्या आक्षेपाचा विषय नव्हे. आक्षेपाचे कारण वेगळे आहे. याच शहरातील हजारो कुटुंबांवर चाकांवरच्या घरात राहण्याची वेळ आली ती हौसेने नव्हे, तर डोक्यावरचे छप्पर गेले म्हणून. आणि ज्यांना तेवढेही मिळाले नाही, त्यांनी उघड्यावर तळ ठोकला तेव्हा शासनाने त्यांना हुसकावून लावले. वस्तू तीच, क्रियाही तीच. पण करणाऱ्याच्या खिशाप्रमाणे कायदा तिला कधी विश्रांती म्हणतो, तर कधी अपराध. ही दुहेरी नीती कशी घडते, हे न्यू ऑर्लिन्सच्या गेल्या काही दशकांच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळाने या किनाऱ्यावर आघात केला. शहराचे संरक्षण करणारे बांध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. वादळ निसर्गाचे होते. बांध मात्र संघराज्य सरकारच्या लष्करी अभियंत्यांनी बांधलेले होते. बेघर झालेल्यांसाठी 'फेमा' या संघराज्याच्या आपत्ती निवारण संस्थेने एक लाखाहून अधिक ट्रेलर खरेदी केले. मोटारीमागे जोडून सहलीला न्यावयाचे, जेमतेम २४० चौरस फुटांचे हे डबे सुटीच्या चार दिवसांसाठी घडवलेले होते. त्यांत कुटुंबेच्या कुटुंबे महिनोन्महिने, काही तर वर्षानुवर्षे राहिली.

थोड्याच काळात या रहिवाशांना डोळ्यांची जळजळ, श्वासाचा त्रास, नाकातून रक्त येणे अशा तक्रारी सुरू झाल्या. ट्रेलरच्या भिंती व कपाटे ज्या दाबलेल्या लाकडी फळ्यांची केलेली होती, त्यांच्या चिकटद्रव्यातून फॉर्माल्डिहाइड हा वायू बाहेर पडत होता. २००४ सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना कर्करोगास कारण ठरणाऱ्या द्रव्यांत केली होती. तरीही शासकीय यंत्रणेने तपासणीस टाळाटाळ केली. तपासणी केली तर जबाबदारी अंगावर येईल, असा सल्ला संस्थेच्या विधिज्ञांनी दिल्याचे जुलै २००७ मधील संसदीय चौकशीत उघड झाले. अखेर ५१९ ट्रेलरांची चाचणी झाली. फेब्रुवारी २००८ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार हवेच्या एक अब्ज भागांत या वायूचे सरासरी ७७ भाग आढळले. साधारण घरात हे प्रमाण याच्या चौथाईच्या आसपास असते. उन्हाळा येण्यापूर्वी लोकांना तेथून हलवावे, असा सल्ला तेव्हा कोठे दिला गेला. २०१२ साली उत्पादक व कंत्राटदार यांनी सुमारे ४ कोटी २६ लाख डॉलर देऊन दावे मिटवले. दावेदार हजारोंच्या संख्येने होते; प्रत्येकाच्या वाट्याला काय आले असेल, याचा हिशोब कार्यकर्त्यांना सांगावयास नको. आणि हे ट्रेलर पुढे 'निवासास अयोग्य' अशी चिठ्ठी लावून लिलावात विकले गेले. २०१० साली आखातात तेलगळती झाली, तेव्हा ती साफ करण्यास आलेले मजूर यांतील काही ट्रेलरांत राहत असल्याचे आढळले. चिठ्ठी निघाली, विष राहिले आणि ते पुन्हा श्रमिकाच्याच वाट्याला आले.

या बेघरांना पक्की घरे देणे अशक्य होते काय? शहरात सार्वजनिक मालकीच्या चार मोठ्या वसाहती होत्या. विटांच्या भक्कम बांधणीच्या या इमारती दुरुस्त होण्यासारख्या आहेत, असे मत वास्तुतज्ज्ञांनी मांडले होते. रहिवाशांनी परतण्यासाठी निदर्शने केली. परंतु २० डिसेंबर २००७ रोजी नगर परिषदेने सुमारे ४५०० घरे पाडण्याचा ठराव एकमताने संमत केला. त्या वेळी सभागृहाबाहेर जमलेल्या निदर्शकांवर पोलिसांनी तिखट फवारा आणि विजेचा धक्का देणारी शस्त्रे वापरली. पाडलेल्या घरांच्या जागी जी संमिश्र वस्ती उभी राहिली, तीत अल्प भाड्याची घरे पूर्वीपेक्षा पुष्कळच कमी होती. २००० साली ४,८४,६७४ असलेली शहराची लोकसंख्या २०१० साली ३,४३,८२९ वर आली. जे परतू शकले नाहीत, त्यांत गरीब कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे होते.

नेमका याच ठिकाणी अमेरिकी करपद्धतीचा न्याय ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या वाहनात झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय आहे, त्यास तेथील आयकर कायद्याखाली 'दुसरे घर' मानता येते, आणि ठराविक मर्यादेपर्यंत त्याच्या कर्जावरील व्याज करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. म्हणजे एक घर असलेल्याच्या चाकांवरील दुसऱ्या घरास सार्वजनिक तिजोरीतून साहाय्य मिळते. आणि ज्याला एकही घर नाही, त्याची वसाहत मात्र परवडत नाही म्हणून जमीनदोस्त होते. अनुदान नेहमी गरिबांनाच दिले जाते, हा समज किती खोटा आहे, हे सांगण्यास यापेक्षा बोलके उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही.

ट्रेमे या वस्तीच्या कडेने जाणारा क्लेबोर्न अव्हेन्यू हा रस्ता या साऱ्या व्यवहाराचा मूक साक्षीदार आहे. त्याच्या मधोमध एके काळी ओक वृक्षांची दाट रांग होती. तिच्या छायेत कृष्णवर्णीयांच्या मिरवणुका निघत, कुटुंबे सुटीचा दिवस घालवीत. दुतर्फा त्यांचीच दुकाने होती. १९६६ साली हे वृक्ष तोडले गेले आणि त्या जागी महामार्गाचा उंच पूल उभा राहिला. त्याच काळात नदीकाठच्या फ्रेंच क्वार्टर या ऐतिहासिक भागावरून दुसरा महामार्ग नेण्याचा बेत होता; तो मात्र १९६९ साली रद्द झाला. वारसा दोन्हीकडे होता. एका वारशाच्या पाठीशी वजनदार मंडळी उभी होती, दुसऱ्याच्या पाठीशी नव्हती, एवढाच फरक.

आज याच पुलालगत, फ्रेंच क्वार्टरपासून पायी जाण्याच्या अंतरावर, आलिशान मोटारहोमसाठी पोहण्याच्या तलावासह एक तळ आहे. आणि याच पुलाखाली कॅटरिनानंतर बेघरांची मोठी छावणी पडली होती. ती २००८ साली उठवण्यात आली. त्यानंतरही शहरातील पुलांखाली छावण्या पडत राहिल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये फुटबॉलचा राष्ट्रीय अंतिम सामना शहरात व्हावयाचा होता, तेव्हा त्यापूर्वी जानेवारीत राज्य सरकारने बेघरांना उचलून मध्यवर्ती भागापासून दूर एका गोदामात नेऊन ठेवले. पाहुण्यांच्या दृष्टीस दारिद्र्य पडू नये, हा त्यामागचा हेतू. तत्पूर्वी २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑरेगन राज्यातील ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी निर्णय दिला होता, की सार्वजनिक जागेत पांघरूण घेऊन झोपणाऱ्यास दंड करणे हे घटनाबाह्य नाही, मग त्या माणसाला जाण्यास दुसरी जागा असो वा नसो. त्या गावच्या वटहुकुमात या अपराधाचे नाव होते 'कॅम्पिंग'.

ज्या संस्कृतीच्या आकर्षणाने हे प्रवासी येतात, ती निर्माण कोणी केली? गुलामीच्या काळात, १८१७ च्या नगर आदेशानुसार, गुलामांना केवळ रविवारी आणि एकाच जागी एकत्र येण्याची मुभा होती. ती जागा पुढे काँगो स्क्वेअर म्हणून प्रसिद्ध झाली. तेथील ढोल आणि नृत्य यांतून पुढच्या संगीताची मुळे रुजली. 'सेकंड लाइन' या नावाने गाजणाऱ्या मिरवणुका काढणारी मंडळे मुळात परस्पर साहाय्याची संघटना होती. सभासदांच्या वर्गणीतून आजारपणाचा व अंत्यविधीचा खर्च भागवण्यासाठी कृष्णवर्णीय श्रमिकांनी ती उभारली. म्हणजे प्रवासी ज्या दृश्याची छायाचित्रे घेतात, ते मूळचे श्रमिकांच्या सहकाराचे रूप आहे. लुई आर्मस्ट्राँगचा जन्म १९०१ साली याच शहरात झाला. त्याचे जन्मघर १९६४ साली पाडण्यात आले, आणि १९८० साली त्याच्या नावाचे उद्यान उघडले. त्या उद्यानाच्या जागेसाठीही ट्रेमेतील घरे उठवण्यात आली होती. कलावंताचे नाव हवे, त्याची वस्ती नको, हेच धोरण येथे दिसते.

पर्यटनामुळे रोजगार मिळतो, असे यावर सांगितले जाईल. तो मिळतो, हे खरे. परंतु कोणत्या वेतनावर? लुइझियाना राज्याचा स्वतःचा किमान वेतन कायदा नाही. संघराज्याचा किमान दर २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे, तर बक्षिसीवर जगणाऱ्या वाढप्यांसाठी तो १९९१ पासून २.१३ डॉलरवर थांबला आहे. २००२ साली न्यू ऑर्लिन्सच्या मतदारांनी किमान वेतन एक डॉलरने वाढवण्यास बहुमताने मान्यता दिली होती. व्यावसायिकांनी न्यायालयात धाव घेतली आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ त्याच वर्षी रद्द ठरवली. लोकांनी मत दिले, पण वेतन वाढले नाही. मग या रोजगाराचा लाभ कोठे जातो, हे वेगळे सांगण्याचे कारण नाही.

मोटारहोम तयार करणाऱ्या कामगारांची कथा याहून निराळी नाही. देशातील बहुसंख्य आरव्ही इंडियाना राज्याच्या एल्कहार्ट परगण्यात तयार होतात. २००९ च्या मंदीत तेथील बेकारी १८ टक्क्यांच्या वर गेली. २०२१ साली महासाथीच्या लाटेत सहा लाखांवर वाहने कारखान्यांतून बाहेर पडली. २०२३ मध्ये ती संख्या सुमारे ३ लाख १३ हजारांवर आली. श्रीमंताची हौस ओसरली की हजारो कुटुंबांची चूल थंडावते. दुसरीकडे, २००८ च्या अरिष्टात घरे व बचत गमावलेले वृद्ध जुन्या व्हॅनमध्ये संसार थाटून हंगामी मजुरीसाठी गावोगाव फिरू लागले. एका बलाढ्य ऑनलाइन विक्री कंपनीने अशांना गोदामांत राबवण्यासाठी खास योजना चालवली होती. पुढे ती बंद झाली. जेसिका ब्रुडर यांच्या २०१७ च्या 'नोमॅडलँड' या पुस्तकात या वृद्धांचे जीवन नोंदले आहे. पासष्टी ओलांडलेल्या माणसाने निवृत्तिवेतन अपुरे पडते म्हणून गोदामात रात्रपाळी करावी, याला भटकंतीचे स्वातंत्र्य म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

समाजवादी चळवळीने विश्रांतीचा तिरस्कार कधीच केला नाही. उलट ती श्रमिकाचा हक्क मानली. १९३६ साली फ्रान्समध्ये लिओं ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी सुटी कायद्याने दिली, तेव्हा असंख्य कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. खुद्द अमेरिकेत १९३३ ते १९४२ या काळात रूझवेल्ट सरकारने सुमारे ३० लाख बेकार तरुणांना काम देऊन सार्वजनिक उद्याने, रस्ते व मुक्कामाच्या जागा उभारल्या. त्या कार्यक्रमातही वर्णभेद होता, हे विसरता येत नाही. तरीही सार्वजनिक पैशाने सर्वांसाठी सहलीची ठिकाणे निर्माण करता येतात, एवढे त्याने सिद्ध केले. तेव्हा निवड सहल की घर अशी नाही. निवड आहे ती काही थोड्यांची दोन घरे आणि अनेकांचे एकही नाही ही स्थिती, किंवा सर्वांना घर आणि सर्वांना सुटी ही व्यवस्था, यांमधील.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा म्हणून दूर सारण्याजोगा नाही. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. वाहनातच मुक्काम करणाऱ्या प्रवाशांसाठी वीज, पाणी व स्वच्छतागृहे असलेले तळ व्हावेत, अशी त्यात कल्पना आहे. पर्यटकांना या सोयी अवश्य मिळाव्यात. परंतु याच महाराष्ट्रात बीडपासून निघून कारखान्यांच्या तळांवर वर्षातील निम्मा काळ कोप्यांत काढणारी ऊसतोड कामगारांची कुटुंबेही तळच ठोकतात. त्यांच्या तळावर दिवा, नळ आणि स्त्रियांसाठी आडोसा किती ठिकाणी आहे? कॅराव्हॅनसाठी जे मापदंड कागदावर येतात, तेच ऊसतोडीच्या तळांना लागू करा, अशी मागणी कार्यकर्त्यांनी प्रत्येक साखर कारखान्याच्या दारात आणि जिल्हा परिषदेच्या सभेत मांडली पाहिजे. चाकांवरच्या चैनीच्या घराला नळ जोडून देता येतो, तर कोपीपर्यंत तो का नेता येत नाही, याचे उत्तर राज्यकर्त्यांकडून लेखी मागितले पाहिजे.