निविदा उघडते कचेरीत, औषध लागते खाटेपाशी

दमणला जाणारा गोमंतकीय वापीला गाडीतून उतरतो. १९८७ पर्यंत गोवा, दमण व दीव यांचा कारभार एकच होता, त्यामुळे ती वाट आपल्या नोकरवर्गाला परकी नव्हती. त्याच गाडीने आणखी पुढे गेले की सुरत लागते. उधना, लिंबायत, डिंडोली या तिच्या भागांत खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी माणसे मोठ्या संख्येने राहतात, यंत्रमागांवर आणि कापडगिरण्यांत राबतात. आजारी पडली की ती नवी सिव्हिल तरी गाठतात, नाहीतर महापालिकेचे स्मीमेर. तेव्हा तेथल्या दवाखान्यांत औषध कोठून येते आणि खाटेजवळचा माणूस कोणाच्या नोकरीत असतो, हा केवळ गुजरातचा घरगुती प्रश्न आहे असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ उद्भवली. तापीचा पूर ओसरला होता, चिखल आणि मेलेली जनावरे मागे राहिली होती आणि वेड रोडच्या कामगारवस्तीतून मृत्यूच्या बातम्या येऊ लागल्या. मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला, पण शहर सोडून गेले ते लाखो लोक! टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल औषधांच्या दुकानांतून नाहीशा झाल्या. कितीतरी खासगी डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलुपे लावली. उरले ते सरकारी रुग्णालय आणि तेथला पगारी नोकर. संकटाच्या घटकेला बाजार पाठ फिरवतो आणि सार्वजनिक कोठारात जे आधीच ठेवलेले असते तेवढेच कामी येते, हा धडा सुरतेने सबंध देशाला दिला.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग केले, प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला खर्चाचे अधिकार दिले आणि वातानुकूलित खोलीतून उठवून रोज सकाळी रस्त्यावर उभे केले. रात्रीच्या रस्तेसफाईची कंत्राटे त्यांनीही दिली, हे विसरू नये. परंतु कंत्राटदाराचे काम दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकारी स्वतः पाहत असे. दोन वर्षांच्या आत, १९९६ मध्ये, ‘इनटॅक’ या संस्थेने सुरतेला देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरविले. म्हणजे दोष कंत्राट या शब्दात नाही. काम मोजणारा माणूस जागेवर आहे की नाही, सारे यावर ठरते.

मग ही शिकवण औषधांच्या बाबतीत कोठे गेली? एप्रिल २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट सुरतेवर कोसळली, तेव्हा वलसाडहून चौतीस व्हेंटिलेटर आणावे लागले आणि ते आले कचऱ्याच्या गाडीतून! त्याच महिन्यात रेमडेसिविरसाठी नातेवाईक रांगा लावून उभे होते. अशा वेळी सत्तारूढ पक्षाचे प्रदेशाध्यक्ष सी. आर. पाटील यांनी पक्षातर्फे सुरतेत पाच हजार इंजेक्शने वाटण्याची घोषणा केली. ही इंजेक्शने आली कोठून, असे मुख्यमंत्री विजय रुपाणी यांना विचारले, तर उत्तर मिळाले की ते पाटलांनाच विचारा! पाटील मूळचे जळगाव जिल्ह्याचे, आपल्याच भाषेचे. पण भाषेचा आप्तभाव येथे आड येता कामा नये. रुग्णाला औषध मिळाले याचे आम्हाला दुःख नाही. सरकारच्या कोठारात नाही ते पक्षाच्या कचेरीत सापडते, याचे आहे. पुढे मे महिन्यात सुरत जिल्ह्याच्या ओलपाड तालुक्यात, पिंजरत गावच्या एका फार्महाऊसवर पोलिसांनी नकली रेमडेसिविरचा कारखाना पकडला. कुप्यांत ग्लुकोज आणि मीठ! कोठार रिकामे राहिले की त्याची जागा कोण घेतो, हे याहून स्पष्ट काय सांगावे?

माणसांच्या पुरवठ्याचीही तीच कथा. परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार हेसुद्धा आज देशभर निविदेने मागविले जातात. ज्याचा आकडा सर्वांत कमी त्याला काम. पण किमान वेतन ठरलेले असताना एजन्सी कमी आकडा भरते ती कशाच्या जोरावर? पगार उशिरा द्यायचा, भविष्यनिर्वाह निधी बुडवायचा, दहा माणसे दाखवून सात पाठवायची. रात्री सलाईन संपले तर जबाबदार कोण? रुग्णालय एजन्सीकडे बोट दाखवते, एजन्सी रुग्णालयाकडे. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय जल आयोगाच्या सफाई कामगारांच्या खटल्यात सुनावले की, कायम स्वरूपाच्या कामासाठी तात्पुरती माणसे वर्षानुवर्षे राबवणे हा अन्याय आहे. रुग्णसेवेहून अधिक कायमचे काम दुसरे कोणते?

यावर उपाय नाही असे नाही. सुरतेत प्लेग आला त्याच १९९४ साली तमिळनाडूने औषधखरेदीचे महामंडळ स्थापन केले. खरेदी एके ठिकाणी. पण जिल्ह्याजिल्ह्यांत कोठारे, प्रत्येक रुग्णालयाला पासबुक, आणि आलेल्या मालाचे नमुने उत्पादकाचे नाव झाकून प्रयोगशाळेत. महाराष्ट्राने मात्र २०१७ मध्ये खरेदी हाफकिनकडे सोपविली, २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या सरकारी रुग्णालयात अठ्ठेचाळीस तासांत एकतीस रुग्ण दगावले. औषधे आणि माणसे या दोहोंच्या टंचाईची ओरड तेव्हा राज्यभर झाली. महाराष्ट्रावर आमचे प्रेम आहे, म्हणूनच हे बोलणे प्राप्त आहे. आणि आपण तरी कोणत्या तोंडाने हसावे? मे २०२१ मध्ये बांबोळीला ऑक्सिजनच्या ट्रॉल्या बदलताना दाब उतरत होता, पहाटे माणसे जात होती, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या दारात, तेथल्या रुग्णांना समजेल अशा भाषेत, शिल्लक औषधांचा फलक रोज लागला पाहिजे. ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी लिहिली गेली की तिची नोंद व्हावी आणि महिन्याअखेर ती नोंद लोकांपुढे यावी. खाटेजवळच्या कामाला कायम माणूस हवा. जेथे कंत्राट देणे भागच असेल, तेथे हजेरी एजन्सीच्या कागदावर नव्हे, वॉर्डातील मुख्य परिचारिकेच्या सहीने लागावी आणि तीवरूनच बिल निघावे.

राव यांच्या सुरतेने गटारांसाठी जे केले, ते औषधांच्या कोठारांसाठी करायला पैसा फारसा लागत नाही. सकाळी खुर्चीतून उठावे लागते, एवढेच!