आधी माती चाळा!

दिवाळीच्या फराळाबरोबर नाल्याची गोष्ट काढू नये, हे आम्हांस समजते. पण वाचकहो, कल्याणात वालधुनीकाठच्या माणसाला करंजी खातानाही खिडकी लावून घ्यावी लागते. म्हणजे नाला आधीच पंगतीत येऊन बसलेला असतो!

ही वालधुनी मुळात नदी. अंबरनाथचे शिलाहारांचे शिवमंदिर इ. स. १०६० मध्ये तिच्याच काठी उभे राहिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी पडली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. घरदार गमावलेल्यांना छप्पर देणे हा धर्मच होता. त्यांना कोण बोल लावील? दोष आहे तो नंतरच्या निवांत वर्षांचा. बराकींचे शहर झाले, शहरात कारखाने आले. सांडपाणी जाणार कोठे, याची तजवीज मात्र वेळेवर झाली नाही. सारे नदीच्या पदरात पडले, आणि २६ जुलै २००५ रोजी तिने ते घराघरांत परत आणून दिले!

आता नेवाळी पाहा. १९४२ साली युद्धाच्या धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपले, जमिनी परतल्या नाहीत. २०१७ च्या जूनमध्ये नौदलाच्या कुंपणभिंतीवरून उद्रेक झाला. जमीन कोणाची, तो वाद न्यायाने सुटो. पण ती कोणालाही मिळो, तिच्यावर इमले रचण्यापूर्वी तेथील माती तपासा, विहिरी तपासा, ओढ्यांच्या वाटा मोजा, आणि गावाला विचारा.

कोणी म्हणेल, कायदा आहे ना! आहे तर. २००६ ची अधिसूचना २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण-मंजुरी घ्यायला लावते. पण त्याच अधिसूचनेने इमारती व नगरवसाहती यांना जनसुनावणीतून सूट दिली! मुहूर्त काढला, मांडव घातला. मुलीला विचारायचे तेवढे राहिले.

अमेरिकेत फोर्ट ऑर्ड ही छावणी १९९४ साली बंद झाली. तेथले नासलेले भूजल आणि न फुटलेला दारूगोळा निस्तरण्यात पुढची कित्येक वर्षे गेली. त्या धनाढ्य देशाला जे चुकले नाही, ते आपल्याला चुकेल काय?

या दिवसांत आपली पोरे अंगणात किल्ला करतात. चिखल कालवण्याआधी ती माती चाळून खडे काढतात. शहरे वसवणाऱ्यांनी त्यांच्याकडून एवढे तरी शिकावे!