श्यामने आंघोळ का करायची?

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात थोरामोठ्यांच्या जयंतीला तसबिरीला हार घातला जातो. मुलांना त्या हारातून फारसं काही कळत नाही. गोष्ट मात्र लगेच कळते.

साने गुरुजींचंच घ्या. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका म्हातारीची मोळी खाली पडते. शिवायचं नाही म्हणून कुणीच ती उचलून देत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर.

वाचून दाखवताना आंघोळीचा भाग गाळायचा मोह होतो. गाळू नका. मूल विचारणारच, “चांगलं काम केलं, मग आंघोळ कशाला?” तेव्हा शिवाशिवीबद्दल खरं काय ते सांगा. आईच्या मनात दया होती, पण रूढी मोडणं तिला जमलं नव्हतं. (शाळेच्या धड्यापेक्षा मुलांना हे जास्त लक्षात राहतं, असं मला वाटतं.)

मग पुस्तकाबाहेरची गोष्ट सांगा. तोच श्याम मोठेपणी अमळनेरला शिक्षक झाला. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या झाडायचा, कपडे धुवायचा. आणि मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसला. ते दहा दिवस चाललं.

सहा-सात वर्षांच्या मुलाला मोळीची गोष्ट पुरे. दहा-बारा वर्षांच्या मुलीला मात्र दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत सांगा, आणि आंघोळीचा प्रश्न तिचा तिलाच विचारू द्या.