गाणं लय वाजलं, पण सांगतलं काय?

भीमजयंतीची मिरवणूक चांदूर रेल्वेत निघाली तेव्हा डीजेच्या आवाजानं दुकानांचे पत्रे थरथरत होते. आम्ही नाचलो. मनापासून नाचलो, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. दोन दिवसांनी विहारात हिशोबाला बसलो, तर वर्गणीतला निम्म्याहून जास्त पैसा डीजेत गेलेला. कुणी काही बोललं नाही. कोपऱ्यात बसलेली एक आजी तेवढी म्हणाली, "गाणं तं लय वाजलं बाप्पा, पण सांगतलं काय त्यानं?"

आम्ही हसलो. घरी जाताना मात्र कुणीच हसत नव्हतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्यांच्या कानांना वर्षभर कशाचाच त्रास होत नाही आणि फक्त 14 एप्रिललाच ध्वनिप्रदूषण आठवतं, त्यांच्यासाठी हा लेख नाही. डेसिबल मोजायचेच असतील तर त्यांनी भाद्रपदापासून मोजावेत. आमचं हे भांडण घरातलं आहे.

बाबासाहेबांच्या दहा सभा आणि एक जलसा सारखाच, असं बाबासाहेबच म्हणाल्याचं आपल्याकडे सांगितलं जातं. प्रत्येक गायक माईक हातात घेतला की हे सांगतो आणि टाळ्या घेतो. पण जलसा म्हणजे नेमकं काय होतं, हे कुणी सांगत नाही.

जोतीरावांनी 1869 साली शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला आणि महाराजांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून लोकांपुढे ठेवलं. 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे त्याचे जलसे गावोगाव फिरले. तीच वाट आंबेडकरी जलशांनी धरली. नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार 1930 च्या दशकात जलसा घेऊन फिरत होते. त्याची हकीकत कर्डकांनी पुस्तकात लिहून ठेवली आहे, ते प्रत्येक विहाराच्या कपाटात असायला हवं. या लोकांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला शृंगार बाजूला काढला. ढोलकी तीच, बतावणी तीच. पण बतावणीत एक जण जुन्या रूढीची बाजू घ्यायचा आणि दुसरा त्याची उलटतपासणी करायचा. मेलेलं ढोर का ओढायचं? पोराला शाळेत का घालत नाही? सावकाराच्या कागदावर अंगठा उठवताना त्यात काय लिहिलंय ते विचारलं का? गाणं थांबायचं आणि वाद सुरू व्हायचा.

यातले निम्मे प्रश्न सवर्णांना नव्हते, ते आपल्याच वस्तीला होते. आपल्या माणसाला आपल्याच माणसानं गाण्यातून जाब विचारायचा आणि ऐकणाऱ्यानं तो ऐकून घ्यायचा, अशी ती शिस्त होती. ती आपण घालवून बसलो.

वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. अक्षरओळख झाली ती मोठेपणी. त्या माणसाच्या रचना लिहिता-वाचता न येणाऱ्या लाखो लोकांनी पाठ केल्या. देशाच्या संपत्तीत आमचा वाटा कुठे आहे, हे त्यांनी गाण्यात बड्या उद्योगपतींची नावं घेऊन विचारलं. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात जपल्या गेल्या. दळता दळता त्या बाया बाबासाहेबांवर गात होत्या. माईक नाही, स्टेज नाही, बिदागी तर नाहीच.

आणि प्रश्न विचारण्याची ही रीत आम्हा वऱ्हाडच्या लोकांना परकी आहे का? शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात काय करायचे? समोरच्या माणसाला प्रश्न विचारायचे, त्याच्या तोंडून उत्तर काढायचे आणि त्या उत्तरातच त्याला पकडायचे. 1927 साली अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला. अमरावतीच्याच सुरेश भटांनी भीमवंदना लिहिली, ती आज घराघरात आहे. एवढं सगळं हाताशी असताना आमच्या मिरवणुकीत काय वाजतं?

वाजतं ते असं: बाबासाहेबांमुळे गाडी आली, बंगला आला, अंगावर सूट-बूट आला, गळ्यात सोनं आलं. गायक मोठ्या कौतुकानं गातात. पण त्याच मिरवणुकीत चालणारी बाई दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये मजुरीनं जाते, तिच्या पोराची शिष्यवृत्ती अडकलेली असते आणि घरकुलाचा हप्ता येता येत नाही. तिच्या गळ्यात काळे मणी, आणि गाणं सांगतंय सोन्याचं! "यांना सगळं मिळालंय, आता सवलती कशाला," हे आपल्या विरोधकांचं वाक्य आपणच भाड्याच्या डीजेवर त्यांच्या दारासमोरून वाजवत जातो. याहून स्वस्त प्रचार त्यांना कुठे मिळणार?

काही मित्र म्हणतात, गाण्यानं काय बदलतं? बदल सत्तेनं होतो, कायद्यानं होतो. त्यांनी नामांतराचा लढा आठवावा. विधिमंडळाचा ठराव झाला 1978 साली आणि विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं 14 जानेवारी 1994 रोजी. ठराव कागदावर पडून होता, घरं जळाली, माणसं मेली. त्या सोळा वर्षांत लोकांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्यांत शाहीर होते, गायनपार्ट्या होत्या. गाण्यानं कायदा होत नाही, हे मान्य. पण कागदावरचा कायदा माणसाच्या तोंडी आल्याशिवाय तो मागायला कोण जाणार?

मात्र नुसत्या गायकाच्या खांद्यावर चळवळ टाकली तर काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. 11 जुलै 1997 रोजी रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. आपण त्यांची आठवण काढतो, पण त्यांची गाणी आपल्यापैकी किती जणांना येतात?

सत्तेला मात्र गाण्याची किंमत नीट कळते. डीजेवाल्यावर फार तर गुन्हा नोंदतात, दंड होतो. कबीर कला मंचाच्या कलावंतांना तुरुंगात जावं लागलं. तिकडे अमेरिकेत 1939 साली बिली हॉलिडे यांनी झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांवरचं गाणं गायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्याच रेकॉर्ड कंपनीनं ते ध्वनिमुद्रित करायला नकार दिला. त्यांना दुसऱ्या, लहान कंपनीकडे जावं लागलं. कंपनीला भीती आवाजाची नव्हती, त्यातल्या मजकुराची होती.

म्हणून डीजे जाळा, असं आम्ही म्हणत नाही. यंत्राचा दोष नाही. कडूबाई खरात एकतारीवर गातात आणि मोबाईलमुळे त्यांचा आवाज महाराष्ट्रभर पोहोचला. आमचं म्हणणं एवढंच आहे, की त्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून एक तरी प्रश्न बाहेर पडू दे.

पुढच्या जयंतीसाठी आम्ही मंडळापुढे मागणी ठेवली आहे. आदल्या संध्याकाळी दोन तास डीजे बंद. त्या वेळात जलसा, तोही आपल्याच पोरा-पोरींचा. विषय बाहेरून आणायचे नाहीत: अडकलेली शिष्यवृत्ती, पट कमी म्हणून बंद पडू पाहणारी जिल्हा परिषदेची शाळा, बाईला पुरुषापेक्षा कमी मिळणारी मजुरी. आणि एक प्रश्न आपल्यालाच: लग्नात हुंडा घेणारा भीमसैनिक कुठल्या तोंडानं जयभीम म्हणतो? या शेवटच्या विषयावर बैठकीत दोघे जण उठून गेले. विषय बरोबर निवडला, असं आम्ही समजतो.

आजीनं तिच्या सासूकडून आलेल्या ओव्या सांगायचं कबूल केलंय. तीन पोरी लिहून घेताहेत. ढोलकीवाला मात्र अजून मिळालेला नाही. चांदूर, धामणगाव, तिवसा, कुठलाही असो, कुणाच्या ओळखीत असेल तर विहारात निरोप द्या. बिदागी डीजेच्या पैशातून देऊ.