यंत्र मळ काढते, वंगण घालत नाही

सराफाच्या पेढीवर मळलेली सोनसाखळी पोलादी टाकीतील पाण्यात सोडतात आणि काही मिनिटांत ती लखलखीत होऊन बाहेर येते, हे दृश्य व्यापारी घरांना नवे नाही. तेच अल्ट्रासॉनिक यंत्र आता सायकल दुरुस्तीच्या दुकानांतही दिसू लागले आहे. दोन्हींकडे यंत्र एकच असले, तरी एक भेद विसरता येत नाही. सराफाची साखळी धुऊन निघाली की काम संपते. सायकलीच्या साखळीचे खरे काम तेथून पुढे सुरू होते.

या टाकीच्या तळाला बाहेरून स्पंदक चिकटवलेले असतात. ते सेकंदाला साधारण ४०,००० वेळा कंप पावतात. माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २०,००० कंपनांची आहे. या कंपनांनी द्रवात असंख्य सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात आणि लगेच फुटतात. त्यांच्या आघाताने, जेथे ब्रशचा केसही पोहोचत नाही अशा फटीतला मळ सुटतो. बुडबुडा मिटताना केवढा दाब निर्माण होतो, याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मांडले. त्यामागे जहाजांच्या पंख्यांवर पडणाऱ्या खड्ड्यांचा प्रश्न होता. जी शक्ती पंख्याचा धातू कोरते, तीच येथे मळ काढते. म्हणूनच ती मर्यादेत वापरावी लागते.

खरेदीपूर्वी पहिला प्रश्न गरजेचा. घरात एक-दोन सायकली असतील, तर बरणीत साखळी बुडवून ब्रशने घासणे पुरेसे आहे. त्यासाठी भांडवल अडकवू नये. दुकानदाराने मात्र रोज किती साखळ्या व फ्रीव्हील धुतली जातात आणि त्यात कारागिराचा किती वेळ जातो, याची महिनाभर वहीत नोंद ठेवावी. वाचणाऱ्या वेळेच्या मोलातून यंत्राचा हप्ता सुटत असेल, तरच खरेदी शहाणपणाची. विजेचा खर्च किरकोळ आहे; ३०० वॅटचे यंत्र अर्धा तास चालले, तर फार तर ०.१५ युनिट जळते. खरा खर्च सफाईच्या द्रवाचा आणि मजुरीचा.

दुसरा प्रश्न मापाचा. लिटरच्या आकड्यावर भुलून अनेकांची फसगत होते. सायकलीच्या साखळीतील दोन पिनांमधले अंतर १२.७ मिलिमीटर असते. दात्यांच्या संख्येला १२.७ ने गुणून ३.१४ ने भागले, की चाकाचा व्यास मिळतो. २८ दात्यांचे चाक सुमारे ११३ मिलिमीटरचे, ४२ दात्यांचे १७० चे, तर ४८ दात्यांचे १९४ चे. दात्यांच्या टोकांसाठी आणखी थोडी जागा धरावी. तीन लिटरची टाकी साधारणतः २४ सेंटीमीटर लांब, साडेतेरा रुंद व दहा खोल असते. तीत साखळी आणि लहान फ्रीव्हील मावते. सहा लिटरची टाकी बहुधा ३० लांब, १५ रुंद व १५ खोल. ४२ दात्यांची कॅसेट तीतही आडवी बसत नाही आणि उभी पूर्ण बुडत नाही. गिअरच्या सायकली येत असतील, तर दहा लिटरचाच विचार करावा. माप टाकीचे न घेता आतील जाळीचे घ्यावे, कारण जाळी टाकीहून अरुंद असते.

विक्रेता सांगतो ते वॅट पुष्कळदा हीटर धरून असतात. सफाईचे वॅट किती आणि हीटरचे किती, हे वेगवेगळे विचारावे. निचऱ्याची तोटी असल्यास उत्तम. दुकानातच एक परीक्षा घेता येते. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची पातळ फॉईल पाण्यात मिनिटभर उभी धरावी. तिच्यावर सर्वत्र बारीक छिद्रे पडली, तर सर्व स्पंदक चालू आहेत. एकाच कोपऱ्यात पडली, तर ते यंत्र घेऊ नये.

आता जिवाशी संबंधित गोष्ट. अनेक दुकानांत साखळी पेट्रोलने किंवा रॉकेलने धुण्याची सवय आहे. हे पदार्थ किंवा थिनर या टाकीत कदापि ओतू नयेत. टाकी तापते, वाफ साचते आणि विजेची एक ठिणगी दुकान पेटवण्यास पुरते. पाणी आणि पाण्यात मिसळणारा सौम्य तेलनाशक द्रव एवढेच वापरावे. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमचे भाग खातो, म्हणून तोही वर्ज्य.

कामाची रीत अशी. वरचा चिखल आधी ब्रशने काढावा. द्रव ५० ते ६० अंशांपर्यंत तापवून यंत्र पाच-दहा मिनिटे रिकामे चालवावे. पाण्यात मिसळलेली हवा निघून गेली की सफाई जोमाने होते. भाग जाळीतच ठेवावेत, तळाला टेकवू नयेत. पाच-सहा मिनिटांनी तपासावे, गरज असल्यास पुन्हा चालवावे. यंत्र चालू असताना हात आत घालू नये आणि कोरडी टाकी कधीही चालवू नये. सीलबंद बेअरिंग, ब्रेकचे पॅड, तेलावर चालणारे ब्रेक, रंगवलेले भाग आणि विजेवरचे गिअर टाकीत सोडू नयेत.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची पायरी. टाकीतून निघालेली साखळी डोळ्यांना नवी दिसते, परंतु तिच्या पोटातले ग्रीसही मळाबरोबर गेलेले असते. ती तशीच चढवली, तर लवकरच गंजते, कुरकुरते आणि दात्यांनाही झिजवते. म्हणून ती स्वच्छ पाण्याने धुऊन, फडक्याने टिपून, उन्हात किंवा गरम हवेवर पूर्ण वाळवावी. मग प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब सोडावा, साखळी फिरवावी आणि वरचे जादा तेल पुसून टाकावे. दुकानदाराने धुलाईचा दर ठरवताना या पंधरा-वीस मिनिटांची मजुरी त्यातच धरावी, म्हणजे घाईच्या दिवशी ही पायरी गाळण्याचा मोह कारागिराला होणार नाही.