आदिलाबादला कुठे समुद्र आहे?



मृग कोरडा गेला की आपल्या मंडळीत पावसासाठी प्रार्थना होते. व्हायलाच हवी. पण कोणी हवामानाच्या अंदाजाचे नाव काढले की उत्तर ठरलेले: "पाऊस देवाच्या हातात आहे, यंत्रांवर कशाला विश्वास ठेवायचा?" समुद्राचा विषय निघाला तर, "आदिलाबादला कुठे समुद्र आहे?" या बोलण्याला मी भक्ती म्हणणार नाही. हा आळस आहे.

आपल्या कपाशीवर पडणारा पाऊस समुद्रावरूनच येतो. पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे करत बंगालच्या उपसागराला मिळते. माणसाच्या धुरामुळे पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. २०२३ मध्ये प्रशांत महासागर तापून एल निनो आला. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

समुद्राच्या उगमापर्यंत तू कधी गेलास का, असे देवाने ईयोबाला विचारले होते. आपण अजूनही तिथवर पोहोचलेलो नाही. पण १९९९ मध्ये स्थापन झालेली हैदराबादची इन्कॉइस संस्था निदान नम्रपणे मोजते आहे. आर्गो नावाचे तरंगते यंत्र साधारण दर दहा दिवसांनी २००० मीटर खोलवरून तापमान व खारटपणा मोजत वर येते आणि उपग्रहाला कळवते. अशी मोजमापे मॉन्सूनच्या अंदाजाला लागतात. अंदाज कधी चुकतोही. म्हणून कान झाकून घ्यायचे का? योसेफाला दुष्काळाचा इशारा देवाकडून मिळाला, तरी कोठारे माणसांनाच भरावी लागली.

दुसरी पळवाटही नको: "शास्त्रज्ञ काहीतरी उपाय काढतील." २००९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांसह दक्षिण महासागराच्या ३०० चौरस किलोमीटर भागात लोह टाकून पाहिले. सूक्ष्म वनस्पती वाढल्या, पण लहान जीवांनी त्या खाऊन टाकल्या आणि कार्बन फारसा खोल गेलाच नाही. यंत्र आपले पाप दाखवू शकते; पश्चात्ताप आपल्यालाच करावा लागतो.

पहिल्या सरीवर पेरून बसलेल्या भावावर दुबार पेरणीची वेळ येते, तेव्हा बियाण्याचे कर्जही दुप्पट होते. मग त्याच्या घरी सांत्वनाला जाण्यापेक्षा आधी अंदाज सांगणे ही खरी प्रीती. मेघदूत ॲपवर तो मिळतो. उपासनेनंतरच्या सूचनांत तोही वाचा. आणि वेचणी संपल्यावर पऱ्हाट्या पेटवू नका. तो धूरही त्याच हवेत जातो.

प्रार्थना करणाऱ्या मंडळीला प्रभू ऐकणारे कानही देवो. आमेन.